'तेच' आणि 'चालेल' : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की दुकानातल्या मालाची माहिती कॉम्प्युटरला समजेल अशी मांडली की तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात, आणि त्या माहितीवर जर-तर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे रूल इंजिन. झालं, इनबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सहा प्रश्न घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : आमचं शिरोली एमआयडीसीजवळ बेअरिंग आणि मशिनरी स्पेअर्सचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पोरानं सगळा स्टॉक सॉफ्टवेअरमध्ये चढवलाय. परवा गिऱ्हाइकानं ६२०५ डीडीयू मागितलं, पोरगं स्क्रीन बघून म्हणालं नाही, आणि मागच्या रॅकला ६२०५ टूआरएसचे वीस नग पडलेले. सॉफ्टवेअरवाला म्हणतोय ऑन्टॉलॉजी करून देतो, वेगळे पैसे पडतील. हे खरंच काही असतं का नुसतं बिल वाढवायचं नाव?

उत्तर : असतं. आणि तुमच्या दुकानात ते आधीपासूनच आहे, फक्त वडिलांच्या डोक्यात आहे. त्यांना काउंटरवर आठवून बघा. कोणीतरी पेपरात गुंडाळून ग्रीसनं काळं झालेलं बेअरिंग आणतो, नंबर घासून गेलेला. वडील व्हर्नियर लावतात, आत २५, बाहेर ५२, जाडी १५, आणि मान वर न करता म्हणतात, "६२०५ आहे. पिठाच्या गिरणीचं ना? मग रबर सीलचं घ्या." या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ त्या एकत्र कालवल्यानं होतो.

पहिली गोष्ट म्हणजे वस्तू काय आहे. ६२०५ हे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, बोअर म्हणजे आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. हे कुठल्याही कंपनीचं असो, जपानचं असो की स्वीडनचं, बदलत नाही. दुसरी गोष्ट नाव. दोन्ही बाजूंनी घासून बसणारं रबर सील असेल तर एसकेएफ त्याला टूआरएसवन लिहितं, एनएसके डीडीयू लिहितं, एनटीएन एलएलयू लिहितं, आणि आपला बाजार सगळ्यांनाच सरसकट टूआरएस म्हणतो. पत्र्याची झाकणं असली तर कोणी झेडझेड म्हणतो कोणी टूझेड. तिसरी गोष्ट म्हणजे वडिलांचा निर्णय, गिरणी आहे, पीठ उडतं, म्हणून रबर सील. पहिल्या दोन गोष्टी नीट लिहिल्या की झाली ऑन्टॉलॉजी. तिसरी गोष्ट रूल इंजिनचं काम.

आता इथे एक खोच मी मुद्दाम सांगतो कारण सॉफ्टवेअरवाले हमखास इथे घसरतात. ते म्हणतील डीडीयू आणि टूआरएस एकच आहेत ना, मग दोन्ही आयटम मर्ज करून टाकू. अजिबात करू देऊ नका! कंपनी वेगळी, भाव वेगळा, डबा वेगळा, उद्या कंपनीकडे माल परत पाठवायचा झाला तर कुठला कोणाचा तेच कळणार नाही. आयटम वेगळेच ठेवायचे. एक आहे ते सील. म्हणजे प्रत्येक आयटमसमोर 'सील' असा रकाना आणि त्यात 'दोन्हीकडून रबर' एवढंच, मग कंपनी त्याला काय वाटेल ते म्हणू दे. गिऱ्हाइकानं डीडीयू मागितलं की सॉफ्टवेअरनं आधी ते शब्द तोडून ६२०५ अधिक दोन्हीकडून रबर असा अर्थ काढायचा आणि त्या अर्थाचं रॅकवर काय काय आहे ते दाखवायचं. तुमचे वीस नग तेव्हा दिसले असते.

आणि मराठीत आपल्याकडे दोन फार कामाचे शब्द आहेत, 'तेच' आणि 'चालेल'. माझ्या मते या धंद्यातल्या निम्म्या चुका या दोन शब्दांत फरक न केल्यानं होतात. 'तेच' दोन्ही बाजूंनी खरं असतं, हे ते असेल तर ते हे असतं. 'चालेल' तसं नाही. गिरणीत झेडझेड बसवलेलं होतं तिथे टूआरएस दिलं तर चालेल, उलट बरं, पीठ आत जाणार नाही. पण इचलकरंजीच्या लूमवर, जिथे कापसाची तूस उडते, तिथलं टूआरएस काढून झेडझेड दिलं तर दोन महिन्यांत माणूस शिव्या देत परत येईल. आणि फास्ट फिरणाऱ्या मोटरला टूआरएस दिलं तर रबर घासून गरम होतं, त्याची स्पीडची मर्यादा झेडझेडपेक्षा कमी असते. म्हणजे 'चालेल' एकाच दिशेनं जातं आणि कुठे बसवणार त्यावर अवलंबून असतं. म्हणून 'तेच' ऑन्टॉलॉजीत लिहा, 'चालेल' नियमात लिहा.

नियमांचा अजून एक फुकटचा उपयोग सांगतो. बेअरिंग नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की बोअर मिळतो हे तुमच्या वडिलांना तोंडपाठ असणार, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. अपवाद पण पाठ असणार, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, चारपासून पुढे पाचचा पाढा, आणि ६२/२२ सारखं तिरकी रेघ मारलेलं असेल तर रेघेनंतरचा आकडा हाच बोअर. हे पाच ओळींचे नियम सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि सगळ्या स्टॉकवरून एकदा फिरवा. नंबर ६२०५ आणि बोअरच्या रकान्यात ३० असं जिथे जिथे निघेल तिथे पोरानं टाइप करताना डुलकी काढलीय.

पैशाचं म्हणाल तर मोठं काही विकत घेऊ नका. सहा रकाने पुरतात, प्रकार, बोअर, बाहेरचा व्यास, रुंदी, सील, क्लिअरन्स म्हणजे आतली मोकळी फट, आणि शेजारी कंपन्यांच्या नावांची एक यादी. आठवडाभर संध्याकाळी पोराला वडिलांशेजारी बसवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर एकच प्रश्न विचारायला लावा, "हेच का दिलंत?" ते आधी वैतागतील. मग सांगतील. ते उत्तर लिहून घ्यायचं.

प्रश्न (पुणे) : मी एमटेकचा विद्यार्थी. प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये आऊल ही ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा वापरून प्रॉडक्ट ऑन्टॉलॉजी केलीय. 'प्रत्येक बेअरिंगला एकच उत्पादक असतो' असं लिहिलं आणि तपासायला म्हणून मुद्दाम एका बेअरिंगला दोन उत्पादक दिले. रीझनरनं, म्हणजे लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या भागानं, एरर दिलाच नाही! दुसऱ्या एका बेअरिंगला उत्पादक दिलाच नव्हता, त्यावरही गप्प. माझं काही चुकतंय का टूल बिघडलंय?

उत्तर : टूल ठीक आहे, तुझी अपेक्षा डेटाबेसवाली आहे. डेटाबेसचा स्वभाव कारकुनासारखा असतो, कागदावर नाही म्हणजे नाहीच. आऊलचा रीझनर फार भला माणूस आहे, तो म्हणतो कागदावर नाही म्हणजे मला अजून माहीत नाही, असेल कुठेतरी. उत्पादक लिहिला नाहीस? असेलच की, तू सांगितलंस ना प्रत्येकाला असतो. याला ओपन वर्ल्ड म्हणतात. आणि दोन उत्पादक दिलेस तर तो म्हणतो, अच्छा, एकच असतो असं तूच म्हणालास आणि नावं दोन दिसतायत, म्हणजे ही एकाच कंपनीची दोन नावं असणार. 'तेच' असं ठरवून मोकळा! इन्फर्ड व्ह्यूमध्ये, म्हणजे त्यानं काढलेले निष्कर्ष दिसतात तिथे, जाऊन बघ, दोन्ही कंपन्या त्यानं गुपचूप एक करून टाकल्या असतील. त्या दोघी वेगळ्या आहेत असं तू कुठेच सांगितलेलं नाहीस, कारण आपल्याला ते सांगायची गरजच वाटत नाही. सगळ्या कंपन्या परस्परांहून भिन्न आहेत असं जाहीर कर, मग बघ कसा बोंबलतो. बोअरच्या बाबतीत हा त्रास होणार नाही, २५ आणि ३० हे आकडे मुळातच वेगळे आहेत, तिथे 'एकच' म्हणून दोन दिलेस की लगेच विसंगती पकडेल.

हा भाबडेपणा मुद्दाम ठेवलाय, कारण आऊल वेबसाठी केलं, २००४ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं त्याला मान्यता दिली, आणि वेबवर कोणाचीही माहिती कधीच पूर्ण नसते. पण तुझं काम जर 'रकाना भरलाय का' हे बघायचं असेल तर त्याला रीझनर लावणं म्हणजे देवमाणसाला वसुलीला पाठवण्यासारखं आहे. त्यासाठी शॅकल वापर, २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं ते त्याच कामासाठी आणलं, उत्पादक एकही कमी नको एकही जास्त नको असं लिहिलं की ते समोर असलेला डेटा मोजतं आणि यादी हातात देतं. अर्थ लावायला आऊल, तपासायला शॅकल. प्रोजेक्टच्या व्हायवाला हा प्रश्न येतोच येतो, त्यामुळे बरं झालं आत्ताच अडकलास.

प्रश्न (चाकण) : आम्ही एका परदेशी कंपनीला पार्ट्स देतो, त्यांनी प्रत्येक आयटमचा एक्लास कोड मागितलाय. आमच्याकडे एचएसएन कोड आहेतच, ते दिले तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. एचएसएन हा टॅक्स आणि कस्टम्ससाठी आहे, त्याला तुमची वस्तू किती मापाची आहे याच्याशी देणंघेणं नाही. ८४८२ म्हणजे बॉल किंवा रोलर बेअरिंग, त्यातलं ८४८२१० म्हणजे बॉल बेअरिंग, की संपलं, ६२०५ आणि ६३०५ दोन्हींना तोच कोड, आणि एक दुसऱ्याच्या हाउसिंगमध्ये बसत नाही कारण एकाचा बाहेरचा व्यास ५२ आणि दुसऱ्याचा ६२. एक्लास जर्मनीतून आलेलं आहे, त्यात प्रत्येक वर्गाबरोबर त्या वर्गाचे गुणधर्म ठरवून दिलेले असतात, कुठलं माप, कुठल्या युनिटमध्ये, त्यामुळे समोरच्याचं सॉफ्टवेअर तुम्हाला फोन न करता वाचू शकतं. कोड शोधणं अर्ध्या दिवसाचं काम आहे, खरा वेळ जातो ती मापं भरण्यात, त्याला माणूस नेमा.

प्रश्न (ठाणे) : आमचं इलेक्ट्रिकल मालाचं डिस्ट्रिब्युशन आहे. भाव आणि सूट ठरवायला तीन वर्षांपूर्वी रूल इंजिन बसवलं. तेव्हा ४० नियम होते, आता ४०० झालेत, आणि कुठला नियम कधी चालतो हे कोणालाच सांगता येत नाही. एक बदलला की तिसरंच काहीतरी मोडतं. सगळं फेकून परत साधा प्रोग्रॅम लिहावा का?

उत्तर : फेकू नका, पण हा आजार जुना आहे, तुमच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत डीईसी म्हणजे डिजिटल इक्विपमेंट नावाची कॉम्प्युटर कंपनी होती, तिच्या व्हॅक्स मशिनची ऑर्डर आली की कुठल्या कॅबिनेटात कुठलं कार्ड, कुठली केबल, हे जुळवायला माणसं कमी पडायची आणि चुकाही व्हायच्या. जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये कार्नेगी मेलनमध्ये त्यासाठी आरवन नावाची सिस्टिम लिहिली, पुढे तिचंच नाव एक्सकॉन. साधारण २,५०० नियम, १९८६ पर्यंत ८०,००० ऑर्डरी तिनं हाताळल्या आणि अचूकता ९५ ते ९८ टक्के. रूल इंजिनच्या इतिहासातलं हे सगळ्यात गाजलेलं नाव. पण तिथेसुद्धा नवीन मॉडेल येत राहिली, नियम वाढत राहिले, आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं.

गडबड कुठे होते तर रूल इंजिनमध्ये नियम एकामागून एक चालत नाहीत. सगळे नियम एका फळ्याकडे डोळे लावून बसलेले असतात, फळ्यावर काही बदललं की ज्याची अट जुळेल तो उठतो, आणि तो फळ्यावर जे लिहितो त्यानं दुसरा कोणीतरी जागा होतो. हे भराभर व्हावं म्हणून चार्ल्स फोर्गी यांनी रेटे नावाची पद्धत काढली, लॅटिनमध्ये रेटे म्हणजे जाळं, आणि ड्रूल्स नावाच्या रूल इंजिनासकट बरीच इंजिनं त्याच घराण्यातली आहेत. वेगाला उत्तम, पण 'आधी हा मग तो' अशी सवय असलेल्या माणसाला त्रास.

मी स्वतः यात तोंडावर पडलोय. एका होलसेलरसाठी नियम लिहिला, बिल दहा हजारांच्या वर असेल तर दिवाळीची ५ टक्के सूट. किती साधा! १८,००० चं बिल टाकलं आणि उत्तर आलं ९,७२६ रुपये ४८ पैसे. सूट लागली की बिलाची रक्कम बदलते, रक्कम बदलली की इंजिन परत बघतं, अजून दहा हजारांच्या वरच आहे, परत ५ टक्के, असं बारा वेळा, दहा हजारांच्या खाली आल्यावरच थांबलं. शेटजी म्हणाले, तुमचा कॉम्प्युटर आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा घासाघीस करतो. ड्रूल्समध्ये नो-लूप म्हणून एक शब्द लिहिला की नियम स्वतःच स्वतःला उठवत नाही, पण दोन नियम एकमेकांना उठवायला लागले तर तेही पुरत नाही. खरा उपाय म्हणजे मूळ रकमेला हात लावायचाच नाही, सूट वेगळ्या रकान्यात लिहायची.

तुमच्या ४०० पैकी मला खात्री आहे की बहुतेक नियम नियम नाहीतच, ते रेटकार्ड आहे. 'अमुक कंपनीच्या एमसीबीवर १८ टक्के, तमुकवर २२ टक्के' हे नियम म्हणून लिहिलेलं असणार, एकेक कंपनीला एकेक. ते उचलून टेबलात टाका, ड्रूल्सला एक्सेलमधलं डिसिजन टेबल वाचता येतं, तुमचा अकाउंटंटसुद्धा ते बदलू शकेल. तसंच 'एमसीबी हा स्विचगिअरमध्ये येतो' असलं ज्ञान जर नियमांच्या अटीत कोंबलेलं असेल तर तेही बाहेर काढा, ती ऑन्टॉलॉजीची जागा. मग 'स्विचगिअरवर एवढी सूट' असा एक नियम वीस नियमांचं काम करेल. उरतील ते खरे नियम, आणि त्यांच्यातही 'हा आधी' असे प्रायॉरिटीचे आकडे टाकून भांडणं मिटवत बसू नका, एकदा १० दिलं की पुढचा ११ मागतो. मागच्या वर्षीची पन्नास बिलं, भांडण झालेली धरून, बाजूला काढा आणि नियमात काहीही बदललं की ती सगळी परत चालवून उत्तर तेच येतं का बघा. आणि प्रत्येक नियमाशेजारी तो कोणी सांगितला आणि कधीपर्यंत, हे लिहा. २०२३ च्या गणपतीची सूट अजून जिवंत असेल बघा तुमच्याकडे.

प्रश्न (दुबई) : आता एआयला विचारलं की तो सांगतोच की कुठलं बेअरिंग कशाला चालेल. मग हा सगळा खटाटोप कशाला?

उत्तर : एआय जुन्या बिलांवरची वेडीवाकडी नावं वाचून 'हे बहुतेक ६२०५ टूआरएस असावं' असं सुचवायला झकास आहे, मी वापरतो, महिन्याचं काम दोन दिवसांत होतं. पण 'चालेल' असं ठामपणे म्हणायचं असेल तर का चालेल ते दाखवता आलं पाहिजे, कुठल्या मापावरून, कुठल्या नियमानं. उद्या मोटर जळाली तर गिऱ्हाईक तुम्हाला विचारणार.

प्रश्न (सावंतवाडी) : मी घरगुती कोकमाची उत्पादनं करते, आता वेबसाइटवरून विकते. दोन अडचणी. एक, लोक आगळ मागवतात आणि पाणी घालून सरबत म्हणून पितात, मग फोन करतात की खारट आहे, फसवलंत! दुसरं, बारकोड घ्यावा का? ओळखीतले म्हणतात ८९० नं सुरू होणारा बारकोड असला की मेड इन इंडिया सिद्ध होतं.

उत्तर : ताई, आधी बारकोडचं. ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर जीएसवन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेनं दिलाय. माल कुठे बनला ते त्यातून कळत नाही, भारतातली कंपनी बाहेरून माल आणून त्यावर ८९० लावू शकते. मोठ्या दुकानात किंवा मार्केटप्लेसवर विकायचं असेल तर घ्या, नाहीतर घाई नाही. फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर मात्र पाकिटावर हवाच, तो तुम्ही टाकत असालच.

आता आगळ. तुमचा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण आमच्या घाटावरच्या घरात हे घडलंय, मावशींनी आगळात साखर ढवळून पाहुण्यांना दिली होती. तुमच्याकडे जन्मल्यापासून माहीत असतं, रातांबा किंवा भिरंड म्हणजे फळ, त्याची साल वाळवली की आमसूल, मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, आणि साखरेत मुरवलं की सरबताचा अर्क. घाटावर या सगळ्याला बऱ्याचदा एकच शब्द, कोकम. गोव्याचं गिऱ्हाईक सोलां म्हणून शोधेल, पुण्याचं आमसूल म्हणून, दोघांना तीच वस्तू हवी असते. म्हणजे नावं अनेक वस्तू एक, आणि नाव एक वस्तू अनेक, दोन्ही प्रकार तुमच्या एकाच फडताळात!

वेबसाइटवाल्याला सांगा की आमसूल, सोलं, सोलां ही एकाच उत्पादनाची नावं म्हणून सर्चला जोडा. आगळ आणि सरबत मात्र वेगवेगळ्या प्रकारांत ठेवा आणि प्रत्येकाला दोन रकाने द्या, 'मीठ आहे का' आणि 'साखर आहे का'. मग नियम सोपा, मीठ आहे आणि साखर नाही असं उत्पादन कोणी पिशवीत टाकलं की पैसे भरायच्या आधी एक ओळ दिसली पाहिजे, "हे सोलकढीसाठी आहे, नुसतं पाणी घालून प्यायचं नाही. सरबत हवंय का?" आणि खाली सरबताचं बटण. अर्धे फोन तिथेच बंद होतील.

गूगलला तुमचा माल कळावा म्हणून पानात स्कीमा डॉट ऑर्गची माहिती भरायला सांगा. गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू यांनी २०११ मध्ये मिळून ती ठरवली, आणि विक्रीच्या मालासाठीचा बराच भाग मार्टिन हेप यांच्या गुडरिलेशन्स नावाच्या ऑन्टॉलॉजीतून २०१२ मध्ये तिच्यात आला. नाव, वजन, किंमत, रुपयांत आहे हे, शिल्लक आहे की नाही, बारकोड घेतलात तर तो. त्यात 'यासारखं दुसरं' असं सांगायचीही सोय आहे, तिथे आगळासमोर सरबत टाकायचा मोह वेबसाइटवाल्याला होईल, दोन्ही कोकमाचंच ना म्हणून. टाकू देऊ नका. आणि हो, आगळाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'सोलकढीसाठी' लिहा, आमच्या मावशी वेबसाइट बघत नाहीत.